नानांची कोठी

केडगावात आमच्या शेजारी मिक्सर लागला की आमची आरू हातातलं खेळनं टाकून दाराकडं बघती अन् "अओ!" म्हनून वरडती. शेजारीन हसती, म्हनती, बापाला हाक मारती काय गं तुझी पोरगी? मीबी हसते. खरं काय ते सांगत बसले तर लई लांबन लागंल, अन् मला बोलायला लागलं की दम लागतो, एकात एक घुसतं सगळं. पन आज शुक्रवार हाय, अन् शुक्रवार आला की मला सावेडीतले नाना आठवत्यात, म्हनून सांगते.

नाना माझे कुनी लागत न्हाईत. माझं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, शाळा आठवीपर्यंत, मग लगीन. आरूचे पप्पा टेम्पोवर, एकदा गेले की कवा येतील ते त्यांनाबी म्हाईत नसायचं. नानांच्या बंगल्यामागं एक खोली हुती, ती आमाला मिळाली, त्याच्या बदल्यात मी घरातली झाडलोट करायची अन् चपात्या टाकायच्या. आरू तवा मांडीवरची हुती. मला सगळ्याचीच भीती वाटायची. गिझरची, दाराच्या बेलची, गेटवरच्या कुत्र्याची, पोरगी झोपली की ती श्वास घेती का न्हाई त्याची. वळखीचं मानूस कुनी न्हाई. दिवसदिवस तोंडातनं शब्द निघायचा न्हाई, अन् निघाला की असा धडाधडा निघायचा की समोरच्याला वाटावं हिला कायतरी झालंय.

नाना उंच, किडकिडीत, पांढरा बनियन अन् लेंगा, चष्म्याला काळी दोरी. साखर कारखान्याच्या ऑफिसात हुते, रिटायर झालेले. दारात कुनाच्याबी चपला असू द्यात, येता-जाता पायानं सरळ करायचे. दुधाच्या पिशव्या धुवून तारंवर चिमट्यानं लटकवायचे, ओळीनं, जशी काय शाळेतली पोरं. भाजीवाली इचारायची, "नाना, पाव किलो देऊ का अर्धा?" तर "मी एकटाच हाय" असं कवा म्हनले न्हाईत. म्हनायचे, "पावच दे, आमच्यात वांगं कमी खात्यात." आमच्यात म्हनजे कोन, ते ना तिनं इचारलं ना मी.

पहिल्याच आठवड्यात झाडता झाडता मी देवघराशेजारचं कपाट उघडलं, तर आत अंधारात एक काळा डबा, अन् त्याच्यावर निळा दिवा मिचमिच करतोय, डोळ्यासारखा. मी झाडू टाकला, आरूला उचललं अन् थेट अंगनात.

"काय झालं गं?" नाना पेपर वाचत हुते.

"नाना, कपाटात कायतरी जितं हाय!"

दुसरं कुनी असतं तर हसलं असतं. नानांनी पेपराची घडी घातली, मला आत नेलं अन् लांबनं दाखवलं. "जितं न्हाई ते. कोठी हाय ती."

"कसली कोठी?"

"घरात तीन कॉम्प्युटर हायेत ना, त्याच्यातलं सगळं दर शुक्रवारी वायरीतनं येऊन ह्याच्यात पडतं. उद्या कॉम्प्युटर मेला तरी ह्याच्यात शिल्लक राहतं. तुमच्याकडं घरात भाताची कोठी असती का न्हाई?"

"असती."

"मग? शेतातलं वाहून गेलं तरी कोठीतलं खाता येतं."

"पन नाना, कोठीतलं उंदीर खात्यात की."

"आमच्या कोठीला उंदीर लागत न्हाईत," नाना म्हनले, अन् लई खुशीत कपाट लावून घेतलं.

तीन कॉम्प्युटर म्हनजे, एक हॉलमधी, तो नानांचा. एक वरच्या खोलीत, तो विनयदादांचा, म्हनजे नानांच्या मुलाचा, ते बंगळूरला असत्यात. अन् तिसरा आतल्या खोलीत खिडकीशी, तो बाईंचा. बाई म्हनजे नानांची बायको. झेडपीच्या शाळेत शिकवायच्या, म्हनून गल्ली त्यांना बाई म्हनायची अन् नानाबी बाईच म्हनायचे. आमी राहायला आलो त्याच्या आदीच त्या गेलेल्या. मी त्यांना बघितलं ते भिंतीवरच्या फोटोत. लॉकडाऊनमधी शाळा बंद हुती तवा बाई त्या खिडकीशी बसून दुसरीच्या पोरांसाठी धडे बोलायच्या, कॉम्प्युटरात भरायच्या अन् पोरांच्या आई-बापांच्या मोबाईलवर पाठवायच्या. ते सगळे धडे त्या कॉम्प्युटरात हुते.

तिन्ही कॉम्प्युटरवर झालर लावलेले कपडे हुते, बाईंनी जुन्या पडद्याचे शिवलेले. गुरुवारी सावेडीत लाईट जायची, म्हनून नानांचा वार शुक्रवार. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला गंध लावायचे अन् चहाचा कप घेऊन सुरू. हॉलमधल्याचा कपडा काढायचा, घडी करायची, मांडीवर ठेवायची, बटन दाबायचं, अन् कोठीत सगळं जाऊन पडेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहायचं. मग कप घेऊन जिना चढून वर. मग शेवटी बाईंच्या खोलीत. तोवर चहाचं पानी झालेलं असायचं, ते तिथं संपवायचे.

एकदा मी म्हनलं, "नाना, ते आपलं आपन हुतंय की. तुमी कशाला बसताय?"

"त्याला एकटं सोडू नये गं."

खरं सांगू का, विनयदादांच्या कॉम्प्युटरला कुनी हात लावत नव्हतं. बाईंच्याबी न्हाई. नवं काय भरायचंच नव्हतं कोठीत. हे मला आठवीवालीला कळत हुतं तर नानांना काय कळत नसंल? पन शुक्रवारी तिन्ही खोल्या उघडायच्या, तिन्ही पंखे घूं घूं वाजायचे, अन् घरात मानसं उठल्यासारखं वाटायचं. मी फरशी पुसायची अन् ते ऐकत राहायची. शनिवारी घर परत गप.

नानांचा एक शब्द हुता, जसंच्या तसं. चादर घातली तर जसंच्या तसं, डबे लावले तर जसंच्या तसं. कारखान्यात म्हनं जुन्या फायली अन् नव्या फायली एकात मिसळून असा गोंधळ व्हायचा की कुठली खरी तेच कळायचं न्हाई, तवापासनं त्यांना पसारा खपत नव्हता. कोठीलाबी त्यांनी तसंच शिकवलं हुतं. मला मोठ्या कौतुकानं सांगायचे, "इतरांच्या घरी नुसतं कोंबत्यात, जुनं-नवं, नको ते. आपली कोठी तशी न्हाई. कॉम्प्युटरात जे हाय तेच कोठीत. इथं न्हाई ते तिथंबी न्हाई. इथलं पुसलं की तिथलं आपोआप पुसलं जातं. आरशासारखं."

मी मान हलवायची. हुशारच वाटायचं मला ते.

विनयदादांचा फोन रविवारी यायचा. नाना स्पीकरवर ठेवायचे अन् फोनपासनं जरा लांब बसायचे, जसं काय पाव्हनं आलंय.

"नाना, बरं हाय ना?"

"बरं हाय. तुझं?"

"बरं हाय. बॅकअप घेतला?"

"घेतला."

"बरं मग."

"बरं."

झालं. तेवढंच. फोन बंद झाल्यावरबी नाना थोडा वेळ तिथंच बसून राहायचे, अन् मी उगाच भांड्यांचा आवाज करायची.

आरूचे पप्पा असेच एकदा लांब गेलेले, अन् पोरगी दुपारपासनं रडायला लागली. पोट दुखतंय का कान दुखतोय काय कळंना. काळीनिळी पडायला लागली, अन् मीबी तिच्यासंगं रडायला लागले. नाना खोलीच्या दारात आले. लहान लेकराला उचलून घ्यायला ते भ्यायचे, हात पुढं करायचे अन् मागं घ्यायचे. तसंच केलं. मग म्हनले, "तुझा मोबाईल आन."

"कशाला ओ नाना?"

"आन तर."

बाईंच्या खोलीत जाऊन कपडा काढला, माझ्या फुटक्या मोबाईलला वायर जोडली, कायतरी भरलं. त्यांनी ऐकलं न्हाई, उघडून बघितलंबी न्हाई, हाताला आलं ते दिलं. म्हनले, "बाईंचा धडा हाय. वर्गातली पन्नास पोरं गप बसवायच्या त्या. लाव तिला." दारापर्यंत गेले अन् वळून म्हनले, "पन माझ्या कानावर येऊ देऊ नको."

"तुमी ऐकत न्हाई कवा?"

"मी ऐकायला ठेवलं न्हाई ते. असू दे म्हनून ठेवलंय."

ते गेटवर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून. मी दार लावलं अन् मोबाईल आरूच्या कानाशी धरला.

"मुलांनो, बसलात का नीट? पाठ ताठ. हाताची घडी. आज आपण हातच्याची बेरीज शिकणार आहोत. हातचा म्हणजे..." असा गोड, ठासून आवाज, अन् तेवढ्यात मागं घर्रर्र करून मिक्सर. बाई थांबल्या. मग एकदम वेगळ्याच आवाजात, "अहो! अहो, मिक्सर बंद करा! शाळा चालू आहे इथं!" लांबनं नाना, "शेंगदाण्याची चटणी हाय!" "असू दे चटणी! बंद करा आधी!" मिक्सर थांबला. "केला, केला." अन् बाईंना हसू आलं. आवरता आवरंना. "हं, मुलांनो... ते बाहेरचे सर आहेत... त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही..." अन् परत हसू, अन् तिथंच बंद. बेरीज झालीच न्हाई.

आरू रडायची थांबली. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तवा ती झोपली, अन् मी तिच्याशेजारी पडून बाईंचं हसू ऐकत राहिले. त्या घरात मी नानांना असलं कुनासंगं बोलताना ऐकलं नव्हतं. अन् मला तवा कळलं, मिक्सर माळ्यावर पोत्यात बांधून का ठेवलाय. मी एकदा मागितला हुता तर म्हनलेले, "खलबत्ता हाय की."

त्या दिवसापासनं झोपायला आरूला तीच बाई लागायची. मी दार-खिडकी लावून हळू आवाजात लावायची. पोरगी बोलायला लागली तर पहिला शब्द आई न्हाई, पप्पा न्हाई. "अओ!" अन् तोबी नानांना बघून. नाना दुधाची पिशवी लटकवता लटकवता थांबले.

"हे कुठनं शिकली गं ही?"

"असंच," मी म्हनलं. कानावर येऊ देऊ नको म्हनलेले, तर मी कशी सांगू?

"अओ!" आरू परत वरडली.

"ओ," नाना हळूच म्हनले. मग रोजचंच झालं ते. ती "अओ" म्हनायची अन् नाना जिथं असतील तिथनं "ओ" द्यायचे.

दिवाळीला विनयदादा आले. स्वभावानं वाईट न्हाईत, माझ्या पोरीला फ्रॉक आनला त्यांनी. पन घरात त्यांना काय करावं ते सुचायचं न्हाई, कारखान्यातल्या दोन सायबांसारखे बाप-लेक समोरासमोर बसायचे. मग नाना बाजारात गेलेले असताना दादांनी बाईंच्या कॉम्प्युटरचा कपडा काढला. मी फरशी पुसत हुते. म्हनले, "बघा वहिनी, आईचा कॉम्प्युटर गच्च भरलाय, सुरू व्हायलाच किती वेळ लावतो. नाना शुक्रवारी ताटकळत बसतात. मी जड जड काढून टाकतो यातलं, पळायला लागेल. कोठीत आहेच की सगळं." अन् बघता बघता मोकळा केला. नानांना सांगितलं न्हाई, म्हनले, शुक्रवारी त्यांचं त्यांना कळू दे, खूश होतील. मलाबी बरं वाटलं, बापासाठी कायतरी करतोय म्हनून. दुसऱ्या दिवशी ते गेले.

शुक्रवार आला. गंध, चहा, हॉल, जिना, मग बाईंची खोली. मी दारातच हुते, आरू कडेवर. नानांनी बटन दाबलं अन् कॉम्प्युटर लगेच उजळला. "अरे वा," नाना म्हनले, "विनयनं कायतरी केलं वाटतं. पळायला लागला गं." अन् पुढचं बटन दाबलं, रोजच्यासारखं. देवघराशेजारच्या कपाटातनं निळा दिवा लई जोरात मिचमिच करायला लागला, फटीतनं दिसत हुता. नाना चहा पीत बघत हुते. मग चहा पिताना थांबले. चष्मा पुढं घेतला. कप खाली ठेवायला गेले तर टेबलाच्या कडेवर ठेवला, तो पडला. मी फडकं घेऊन धावले, तर ते म्हनले, "राहू दे."

दादांनी काढलेलं ते बाईंचे धडे हुते, अन् कोठीनं शिकवलं तसं केलं हुतं. इथं न्हाई ते तिथंबी न्हाई. जसंच्या तसं.

कोठी अन् बाईंच्या कॉम्प्युटरचा डबा घेऊन नाना कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हनला, त्याच जागी वरनं दुसरं लिहिलं गेलंय काका, निघनार न्हाई. शाळंत गेले, बाईंबरोबरच्या शिक्षिकांना भेटले. त्यांचे मोबाईल बदललेले, जुनं कुनी ठेवलं नव्हतं. ज्या पोरांना पाठवलं ती आता मोठ्या शाळंत गेलेली. दाराच्या आत आले तवा चपला तशाच वाकड्या काढल्या. त्या दिवशी मला नानांसाठी भीती वाटली.

रविवारी फोन आला. "नाना, बॅकअप घेतला?"

"घेतला. म्हनूनच बाईंचं सगळं गेलं."

दादा म्हनले, "नाना, मला वाटलं कोठीत आहे."

"हुतं," नाना म्हनले. "तुझी चूक न्हाई. मीच तिला तसं शिकवलं." अन् फोन ठेवून खोलीत गेले.

पुढच्या शुक्रवारी गंध न्हाई, चहा न्हाई. तिन्ही कपडे तसेच. घर इतकं गप की आरूबी हळू बोलायला लागली. जेवान झाकलेलं तसंच राहायचं. ती "अओ" म्हनायची, तर आतनं "ओ" यायचं न्हाई.

अन् मला माझा मोबाईल आठवत हुता. पन मोबाईल माझ्याजवळ हुता कुठं? आरूच्या पप्पांचा पान्यात पडून बंद झालेला, म्हनून ते माझा घेऊन गेलेले, अन् त्यांची सवय, जागा भरली की दिसंल ते पुसायचं अन् गानी भरायची. नानांना सांगावं तर, असलं तर ठीक, पन नसलं तर? एका मानसाची एकच गोष्ट दोनदा जायची म्हनजे. शेवटी समोरच्या किराणावाल्या काकूंचा फोन मागितला अन् लावला.

"अहो, ऐका, ते बाईंचं हाय ना मोबाईलात, ते पुसू नका, पुसलंय का? पुसलं तर न्हाई ना?"

"कोनती बाई?" मागं गाड्यांचे हॉर्न.

"अहो बाई! हातच्याची!"

"हातची बाई? पूनम, बरी हायेस ना तू?"

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या अन् मी रडायला. मग आरूच्या पप्पांना कळलं. "अगं, आरूची झोपायची बाई व्हय? काल जागा केली बघ मी, काय काय उडवलंय ते बघावं लागंल..." अन् फोन कट. परत लागला न्हाई. रेंज नसंल.

ते येईपर्यंत मी गेटच्या प्रत्येक आवाजाला पळत हुते. आले, अंगावर धूळ, अन् मी पानी न देता आदी मोबाईलच हिसकला. म्हनले, "अगं हाय हाय. ती कशी पुसंल मी? गाडीत एकटा असलो की मीच लावतो. घरात असल्यासारखं वाटतं."

मी तसाच मोबाईल घेऊन नानांच्या दारात. ते आतल्या खोलीत खाटंवर बसलेले.

"नाना, ह्याच्यात बाई हायेत."

त्यांनी बघितलं माझ्याकडं. मी घाईघाईनं सांगायला लागले, "तुमीच दिलेलं, त्या दिवशी, आरू रडत हुती तवा. पन नाना, तो पुरा धडा न्हाई ओ. चांगला न्हाई. बेरीज न्हाईच त्याच्यात, मधीच थांबलंय, बिघडलेला हाय..."

"असू दे," नाना म्हनले. वायर मी धरली. बाईंच्या कॉम्प्युटरात घेतलं. मग हॉलमधल्यात. मग जिना चढून विनयदादांच्यात. मग कपाट उघडून कोठीसमोर खाली बसले, अन् तिची जुनी शिकवन मोडली. म्हनले, "आता तिकडनं गेलं तरी तू सोडू नको." मला न्हाई, कोठीला.

पन ऐकलं न्हाई. माझ्यासमोर तरी न्हाई.

थोड्याच दिवसांनी आरूच्या पप्पांना केडगावात गाड्यांच्या अड्ड्याजवळ खोली मिळाली. आमचं सामान ते किती, टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावलं. सकाळीच निघालो. शुक्रवार हुता. हे गाडी वळवत हुते, अन् मी आरूला घेऊन नानांच्या पाया पडायला मागच्या बाजूनं गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं तर ओट्यावर मिक्सर. पोत्यातनं काढलेला, पुसलेला, वायर गुंडाळून ठेवलेली.

बाईंच्या खोलीची खिडकी उघडी हुती. नाना पाठमोरे, कपाळाचं गंध मला दिसलं न्हाई, पन मांडीवर कपड्याची घडी, टेबलावर चहा. अन् खोलीत बाई बोलत हुत्या. पाठ ताठ, हाताची घडी. नानांची पाठ खरंच ताठ झाली. मग धड्यातला मिक्सर घरघरला, मग "अहो! अहो, मिक्सर बंद करा!"

आरूनं माझ्या खांद्यावरनं मान वर केली. तिनं "अओ" म्हनायच्या आत मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"केला," नाना म्हनले. कॉम्प्युटरातले न्हाई, खुर्चीवरचे. "केला गं, केला बंद."

बाई हसत हुत्या. मी तशीच मागं फिरले, पाया न पडता. गाडीचा हॉर्न वाजला, तरी नानांनी वळून बघितलं न्हाई.